जुन्या एमजीबीला विजेचा हीटर बसवला, त्याची हकिगत

२५ नोव्हेंबर २०२३, शनिवार. इंग्लंडमधल्या वाँटेज गावाहून डिडकॉटला परत येत होतो. सव्वाचार वाजले होते, म्हणजे इथल्या हिशोबाने दिवस मावळलेला. शेजारच्या सीटवर माझे वडील, आण्णा. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, मांडीवर माझी शाल. आम्ही बोलत होतो आणि आमच्याच श्वासाने समोरची काच आतून पांढरी होत चालली होती. फडक्याने पुसलं की वीतभर जागा स्वच्छ व्हायची. समोरून गाडी आली की तिच्या दिव्यात तीच जागा पुन्हा दुधासारखी दिसायची. तिसऱ्यांदा पुसताना मला रस्त्याची कडाच दिसेना, तेव्हा एका शेताच्या फाटकापाशी गाडी थांबवली.

आण्णांनी डॅशबोर्डवरचा हीटरचा खटका दाबून पाहिला. "हिच्यात हीटर न्हाई व्हय?"

नव्हता. खटका होता, काचेखालच्या झडपा होत्या, आत हवा तापवणारं काही नव्हतं.

ही गाडी १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे कापडी छताची, दोन सीटांची ब्रिटिश गाडी. ऑक्सफर्डशायरमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. कारखाना होता ते गाव माझ्या घरापासून सहा-सात मैलांवर आहे. मे २०२३ मध्ये मी ती घेतली तेव्हा तिचं इंजिन आधीच निघालेलं होतं. आधीच्या मालकाने २०२१ मध्ये एका वर्कशॉपकडून ती विजेवर करून घेतली होती: १४४ व्होल्टची मोटर, साधारण २० किलोवॅट-तासांची बॅटरी. ते गृहस्थ ती फक्त उन्हाळ्यात, छत उघडून चालवायचे. त्यामुळे हीटर गेला याचं त्यांना काही वाटलं नाही.

पेट्रोलच्या गाडीत हीटर जवळजवळ फुकट मिळतो. इंजिन थंड ठेवणारं गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती काचेवर आणि पायांवर येते. इंजिन गेलं की गरम पाणी गेलं. बॅटरीवरची मोटर इंजिनाच्या मानाने फारच कमी उष्णता टाकते. म्हणजे ऊब हवी असेल तर ती बॅटरीतून वेगळी काढायला हवी.

जुनी गाडी विजेवर करून घेण्याबद्दल मराठीत थोडंफार वाचायला मिळतं. पण हीटरबद्दल मला एक ओळ सापडली नाही. माझं काम संगणकावरचं, हातात पाना धरायची सवय नाही. या कामाला जवळजवळ चौदा महिने लागले, त्यातले निम्मे वाट बघण्यात गेले. कुणी याच वाटेवर असेल तर त्याला पुढचं थोडं तरी आधी कळावं म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

माझी एक जमेची बाजू होती, ती सांगितली पाहिजे. आण्णांचं इचलकरंजीत मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागाच्या जळालेल्या मोटरी रात्री दहा-दहा वाजेपर्यंत यायच्या. तांब्याची तार, वार्निशचा वास आणि कोपऱ्यात हँडल फिरवून इन्सुलेशन तपासायचा मेगर, यातच माझं लहानपण गेलं. त्या शनिवारी घरी आल्यावर चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "बॅटरी किती व्होल्टची म्हणालीस?" १४४ म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "डीसी हाय ती. ठिणगीला एसीपेक्षा वंगाळ. हात लावू नकोस, माणूस बघ."

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ते परत गेले. पुढचं सगळं आम्ही व्हिडिओ कॉलवर केलं.

पहिला महिना हिशोबात गेला. सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा १२ व्होल्टचा हीटर. तो मी १९ पौंडांना आणला आणि आठ दिवसांत परत केला. त्या सॉकेटमधून सुरक्षितपणे साडेबारा अँपिअर घेतले तरी १५० वॅट होतात. घरातली इस्त्री हजार वॅटची असते, त्यावरून अंदाज करा. त्यातून ही कापडी छताची गाडी, दाराच्या फटीतून वारा आत येतो. हीटरसमोर तळहात धरला तर कोमट लागायचं, काचेला कळतसुद्धा नव्हतं.

मग मी कागद घेऊन बसले. पंखा तासाला साधारण १५० घनमीटर हवा ढकलतो असं धरलं, तर तेवढी हवा एक अंशाने तापवायला सुमारे ५० वॅट लागतात. बाहेर ५ अंश असताना काचेवर ४० अंशांची हवा यायला हवी तर पस्तीस अंशांची चढ, म्हणजे पावणेदोन किलोवॅट. इतकी वीज १२ व्होल्टवर घ्यायची तर जवळजवळ दीडशे अँपिअर लागतील, आणि माझ्या गाडीत मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट काढून देणाऱ्या कन्व्हर्टरची सगळी ताकद ४०० वॅट, त्यातच दिवे आणि वायपर. तेच मोठ्या बॅटरीवरून, १४४ व्होल्टवर घेतलं तर साडेबारा अँपिअर पुरतात. उत्तर समोर होतं आणि तेच धोक्याचंही होतं. गाड्यांच्या नियमांत ६० व्होल्ट डीसीच्या वरचं सगळं 'हाय व्होल्टेज' धरतात.

यात दोन प्रकार करता येतात. एक, विजेवर पाणी तापवून ते जुन्या रेडिएटरमधूनच फिरवायचं. त्याला पंप, टाकी, पाइप लागतात आणि पाणी तापेपर्यंत थांबावं लागतं. दुसरा, तो रेडिएटर काढून त्याच्या जागी पीटीसी एलिमेंट बसवायचं आणि हवा थेट तापवायची. पीटीसी म्हणजे बेरियम टायटनेटच्या सिरॅमिक चकत्या. ठरावीक तापमानाच्या वर गेल्या की त्यांचा रोध एकदम वाढतो आणि करंट आपोआप कमी होतो. साध्या कॉइलसारख्या त्या लाल होत नाहीत. मी दुसरा प्रकार निवडला. जागा कमी लागते आणि गळायला काही नसतं.

५ फेब्रुवारीला एलिमेंट मागवलं. १४४ व्होल्ट, १.८ किलोवॅट, आत ९०० वॅटचे दोन भाग. किंमत १४८ पौंड, चीनहून पाठवणावळ २२. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या परदेशी मालावर व्हॅट विक्रेताच खरेदीच्या वेळी लावतो. त्याच्या वर गेलं की व्हॅट आणि आयात शुल्क माल देशात येताना भरावं लागतं, आणि ते भरून घेणारी कुरिअर कंपनी स्वतःचा आकार वर लावते. मला ३९ पौंड कर आणि १२ पौंड हाताळणी पडली. त्यासाठीचा निरोप माझ्या ईमेलच्या नको त्या कप्प्यात जाऊन बसला होता, म्हणून पार्सल नऊ दिवस गोदामात पडून राहिलं. २८ फेब्रुवारीला हातात आलं.

मधल्या काळात कागदपत्रांचं सुरू झालं होतं. विमा कंपनीला आधी फोन केला, कारण इथे गाडीत कोणताही बदल केला तर तो विमा कंपनीला कळवावा लागतो. न कळवता केला आणि पुढे काही झालं तर दावा अडकतो. फोनवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या व्ही५सीवर इंधन काय लिहिलंय?" व्ही५सी म्हणजे आपल्याकडचं आरसी बुक. मी कपाटातून काढून पाहिलं. पेट्रोल. गाडीत पेट्रोलची टाकीही उरली नव्हती आणि कागदावर मात्र अजून पेट्रोल होतं. घेताना मी हे पाहिलंच नव्हतं.

इंधनाचा प्रकार बदलायला पैसे लागत नाहीत. व्ही५सीवर दुरुस्ती लिहून मूळ कागद डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला, स्वान्सीला टपालाने पाठवायचा, सोबत पुरावा जोडायचा. मी १२ फेब्रुवारीला पाठवला आणि पुरावा म्हणून मोटरचे फोटो जोडले. ४ मार्चला सगळं परत आलं. काम ज्यांनी केलं त्यांचं, त्यांच्या नाव-पत्त्याच्या छापील कागदावरचं पत्र हवं होतं. ते सूचनांत लिहिलेलं होतं, मी घाईत वाचलं नव्हतं. आधीच्या मालकांना फोन केला. त्यांनी शांतपणे फाइल शोधली आणि दोन दिवसांत वर्कशॉपचं पत्र आणि मोटरची पावती दोन्ही पाठवलं. ८ मार्चला पुन्हा टाकलं आणि १० एप्रिलला नवीन व्ही५सी आलं. त्यावर 'इलेक्ट्रिसिटी' असं छापलेलं पाहिलं तेव्हा फार बरं वाटलं. विजेवर केलेली गाडी घेणार असाल तर पैसे देण्याआधी तो एक रकाना वाचा, आणि बदलाची सगळी पत्रं, पावत्या मालकाकडून तेव्हाच मागून घ्या. मूळ कागद टपालात असताना आपल्याकडे काहीच राहत नाही, म्हणून पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटोही काढून ठेवा.

करापुरतं सांगायचं तर ४० वर्षांवरच्या गाड्यांना 'हिस्टॉरिक' वर्गात रस्ताकर शून्य असतो, तरी दरवर्षी नोंद करावी लागतेच. बाकी फार बदल न केलेल्या जुन्या गाड्यांना एमओटी या वार्षिक तपासणीतूनही सूट मिळते. माझ्या गाडीचा तर गाभाच बदललेला आहे, म्हणून मी एमओटी दरवर्षी करून घेते.

१६ आणि १७ मार्चच्या शनिवार-रविवारी हीटरची पेटी काढली. हे काम मी स्वतः केलं. त्याआधी सर्व्हिस डिस्कनेक्ट, म्हणजे मोठी बॅटरी तोडायचा खटका, ओढून खिशात ठेवला. एमजीबीची ही पेटी बॉनेटखाली, काचेच्या अगदी पायथ्याशी बसते. नवख्याला एक तास लागेल असं वाटतं. मला दीड दिवस लागला. पेटी पत्र्यावर स्क्रूंनी बसवलेली, तिच्या खालच्या नळ्या डॅशबोर्डच्या मागे घट्ट रुतलेल्या, आणि झडपांच्या तारा इतक्या आत की एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्या हाताची दोनच बोटं पोहोचतात. ओढून काढू नका. आधी डॅशबोर्डखालून काचेकडे जाणारे दोन्ही पाइप सोडवा, तारा कुठल्या दांडीला लावल्या आहेत त्याचे फोटो काढा, मग पेटी हळूहळू डावी-उजवीकडे हलवत वर घ्या. बाहेर आली तेव्हा तिच्या तळाशी पन्नास वर्षांची पानं होती, काळी, चहाच्या चोथ्यासारखी. आतला फोम हात लावताच पिठासारखा झडला. पत्रा घासून रंगवला, नवीन फोम लावला, काचेकडचे पाइप बदलले. सगळं ३८ पौंडांत झालं. एलिमेंटच्या आसपासचा फोम आग न धरणारा घ्या, तिथे दोन पौंड वाचवू नका.

एलिमेंट जुन्या रेडिएटरपेक्षा अरुंद होतं. उरलेल्या फटीतून हवा न तापताच निसटली असती, म्हणून दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून लावल्या. पुठ्ठ्याचा नमुना आधी कापून पाहा. माझा तिसरा नमुना बरोबर बसला.

आता मेगरचं. मार्चच्या शेवटी एका रात्री टेबलावर एलिमेंट ठेवून मी आण्णांना व्हिडिओ लावला. त्यांच्याकडे पहाटेचे साडेचार झाले असतील, ते जागेच असतात. ते म्हणाले, "बसवायच्या आधी मेगर घे." चकत्यांमधून १४४ व्होल्ट जाणार आणि बाहेरच्या, उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या फिन पेटीच्या पत्र्याला टेकणार, पत्रा गाडीच्या सांगाड्याला. या दोहोंमधलं इन्सुलेशन धड आहे का, हे ५०० व्होल्टने तपासायचं. मी ५८ पौंडांचा डिजिटल टेस्टर आणला होता. एक टोक टर्मिनलला, एक टोक फिनला, बटण दाबून धरलं. आकडा हलत हलत ०.८ मेगओहमवर थांबला.

विजेवरच्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमात डीसीसाठी दर व्होल्टमागे किमान १०० ओहम मागितले आहेत. त्या हिशोबाने १४४ व्होल्टला साडेचौदा हजार ओहमसुद्धा चालतात आणि माझे आठ लाख होते. मी तसं म्हटलं. आण्णांनी मान हलवली. "कोऱ्या मालाला एवढं कमी येत न्हाई. वल धरलीया त्यानं. एवढ्या लांबनं आलंय न्हवं?"

मला एकदम दुकान आठवलं. पावसाळ्यात ओल धरलेली मोटर आली की आण्णा तिचं झाकण काढून पोटात दोनशे वॅटचा बल्ब पेटता ठेवायचे, वर पोतं टाकायचे. रात्रभर पोत्याच्या विणीतून पिवळा उजेड झिरपत राहायचा आणि सकाळी मेगरचा काटा वर चढलेला असायचा. माझ्याकडे बल्ब नव्हता, स्वयंपाकघरातला ओव्हन होता. ८० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, चार तास. पहिल्या तासात ओव्हनच्या काचेवर खालच्या कडेला बारीक वाफ धरली. एलिमेंटमधून खरोखरच पाणी निघत होतं. गार झाल्यावर पुन्हा तारा लावल्या. आकडा शंभर ओलांडून वर गेला आणि टेस्टरने शेवटी 'मर्यादेबाहेर' असं दाखवलं. मी फोन टेस्टरच्या पडद्यासमोर धरला. आण्णा एवढंच म्हणाले, "आता बसव."

बसवायचं काम माझं नव्हतं. हाय व्होल्टेजवर काम करायचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ हवा होता. इथे आयएमआय या मोटार उद्योगाच्या संस्थेचे त्यासाठी स्तर आहेत, हाय व्होल्टेजचे भाग बसवणाऱ्याकडे किमान तिसरा असावा. तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी जुन्या गाडीचं नाव ऐकून नकार दिला. तिसरे गृहस्थ स्वतः जुन्या गाड्यांवर जीव असलेले निघाले. ३० मार्चला येऊन गाडी पाहून गेले आणि ९ मेची तारीख दिली. मध्ये सहा आठवडे. तेवढ्यात आम्ही सर्किट ठरवलं, आणि त्यात खरा वाटा आण्णांचा.

मी त्यांना अभिमानाने आकृती पाठवली होती: खटका, फ्यूज, एलिमेंट. त्यांचा लगेच फोन आला. "पोरी, चालू कसं हुतंय ते सोड. बंद कसं हुणार ते बघ आधी."

हे जरा सविस्तर सांगते, कारण बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त जोडण्यांत नेमकं हेच राहून गेलेलं असतं. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटका उघडला की ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. २३० व्होल्ट एसीचा चांगला खटकासुद्धा १४४ व्होल्ट डीसीवर उघडताना आत ठिणगी ओढून धरू शकतो, आणि त्यात वितळून कायमचा 'चालू' राहू शकतो. घरचा एमसीबी आणि काचेचा फ्यूज यांचंही तेच. म्हणून डीसीचा व्होल्टेज लिहिलेला काँटॅक्टर, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा खटका (६४ पौंड) आणि डीसी फ्यूज होल्डरसकट (३१ पौंड) घेतला. काही काँटॅक्टरना अधिक-उणेची दिशा असते, उलटे लावले तर ठिणगी विझवायचं त्यांच्यातलं चुंबक काम करत नाही. अंगावरची खूण बघून लावा.

काँटॅक्टरची कॉइल १२ व्होल्टवर चालते. सगळ्या अटी त्या १२ व्होल्टच्या बाजूला घातल्या: गाडीची किल्ली चालू, पंख्याला वीज पोहोचलेली, आणि एलिमेंटच्या वर बसवलेला ८० अंशांच्या थर्मोस्टॅटने तापून वाट तोडलेली नाही. तिन्ही अटी पुऱ्या असतील तरच कॉइल ओढणार. थर्मोस्टॅटचे नाजूक टोक असे १४४ व्होल्टच्या वाटेत येतच नाहीत. मी म्हटलं, पंख्याची अट आहे तर थर्मोस्टॅट कशाला? आण्णा म्हणाले, "पंख्याला लाइट पोचली म्हंजे वारा आला असं न्हाई. पातं सुटलं असलं तर?" आयुष्यभर त्यांनी तशाच मोटरी उघडल्या आहेत. म्हणून थर्मोस्टॅट, आणि तोही फसला तर एकदाच वितळून सर्किट तोडणारा थर्मल फ्यूज. दोन्ही मिळून ९ पौंड. शिवाय हीटर बंद केल्यावर पंखा दीड मिनिट चालू ठेवणारा टायमर, म्हणजे चकत्यांतली उष्णता पेटीत कोंडून राहत नाही.

९ आणि १० मे, दोन दिवस, अकरा तास, तासाला ६० पौंड. हाय व्होल्टेजची नारिंगी वायर आणि तिच्या जोडणीचं सामान (लग, ग्लँड) मिळून ४६. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच, दर वीतभरावर पकड. जोडणी झाल्यावर तंत्रज्ञाने पुन्हा मेगर घेतला, मग खटका दाबला. टक् असा आवाज आला आणि काचेखालून गरम हवा आली. बाहेर १८ अंश होते आणि आम्ही दोघं घामाघूम होऊन हसत होतो. पहिले तीन दिवस धूळ जळल्याचा वास येतो, ठेवणीतल्या कपड्यांवर इस्त्री फिरवावी तसा. प्लास्टिकचा वास आला तर मात्र ताबडतोब बंद करा.

तंत्रज्ञाचं पत्र आणि सहा फोटो विमा कंपनीला पाठवले. हप्ता १८ पौंडांनी वाढला. उन्हाळा गेला.

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार, सकाळ. उणे तीन. खटका दाबला, गरम हवा आली, चार मिनिटांनी थंड झाली. फ्यूज उडाला होता. मला फार वाईट वाटलं. इतकं सगळं ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी ते बंद पडलं. संध्याकाळी तंत्रज्ञाशी बोलल्यावर कारण कळलं. पीटीसीवर लिहिलेले १.८ किलोवॅट हा पक्का आकडा नसतो. त्यावरून जितकी थंड हवा जाईल तितकी उष्णता ती काढून नेते, चकत्या थंड राहतात, रोध कमी राहतो आणि करंट वाढतो. मेमध्ये साडेबाराच्या खालीच असणारा करंट उणे तीनला सोळाच्या पुढे गेला. फ्यूज १५ चा होता. उन्हाळ्यात हीटर तपासून काही कळत नाही, एवढं तेव्हा पक्कं समजलं.

मोठा फ्यूज घालून मोकळं व्हायचा मोह झाला. तो घालायचा तर वायर आणि काँटॅक्टर दोन्ही त्या करंटसाठी पुन्हा तपासावे लागतात. आण्णांनी दुसरं सुचवलं. "दोन भाग हाईत न्हवं त्यात? दोन टप्प्यांत चढव. स्टार-डेल्टागत." मोठी मोटर एकदम पूर्ण जोरावर न लावता आधी स्टारमध्ये फिरवून मग डेल्टात टाकतात, ती ही युक्ती. आम्ही ९०० वॅटचे दोन्ही भाग वेगळे केले, प्रत्येकाला स्वतःचा काँटॅक्टर आणि १५ चा फ्यूज. दुसरा भाग वीस सेकंदांनी लागतो. सामान १०९ पौंड, मजुरी १२०, २९ नोव्हेंबरला काम झालं. याचा असाही फायदा झाला की काच एकदा साफ झाली की एकच भाग चालू ठेवता येतो.

त्याच आठवड्यात दोन्ही सीटना १२ व्होल्टच्या तापणाऱ्या गाद्या घातल्या, जोडी ४५ पौंडांना. एका गादीला ४५ वॅट लागतात. खरं सांगायचं तर अंगाला ऊब त्यांनीच मिळते. पाठ गरम असली की कापडी छताखालची थंडी सोसते. हीटर आहे तो काचेसाठी. पैसे कमी असतील तर गाद्या आधी घ्या, पण रात्री किंवा पावसात गाडी काढायची असेल तर काचेची सोय झाल्याशिवाय काढू नका. इथल्या हायवे कोडमध्ये काचांवरचं बाष्प पूर्ण घालवूनच निघा असं स्पष्ट लिहिलंय, आणि वाँटेजच्या रस्त्यावर ते का लिहिलंय हे मी पाहिलं आहे.

एकूण खर्च १,४१९ पौंड, त्यातली मजुरी ७८०. बॅटरीचं म्हणाल तर दोन्ही भाग सलग तासभर चालले तर लिहिलेल्या आकड्याच्या हिशोबाने १.८ युनिट जातात. माझी गाडी एका युनिटमध्ये साडेतीन मैलांच्या आत जाते, म्हणजे तासाला सहा मैलांची तूट. प्रत्यक्षात इतकी होत नाही, कारण पहिली दहा मिनिटं सोडली तर एकच भाग पुरतो. गाडी घरी चार्जिंगला लावलेली असतानाच काच साफ करून घेतली तर तेवढीही होत नाही. मात्र किल्लीची अट असल्यामुळे मला त्यासाठी गाडीत बसून राहावं लागतं आणि ते तसंच असू दे, असं मी ठरवलं.

११ जानेवारी २०२५, शनिवार. रात्रभर दहिवर पडलं होतं, छताचं कापड पापडासारखं कडक झालेलं. बाहेरून काच खरवडली, आत बसले, खटका दाबला. टक्. वीस सेकंदांनी पुन्हा टक्. फोन डॅशबोर्डला टेकवून आण्णांना दाखवत होते. काचेच्या तळाशी, दोन झडपांच्या वर, दोन काळे ठिपके उमटले. ते रुंद होत अर्धचंद्रासारखे झाले, वर चढत चढत एकमेकांना मिळाले आणि त्यातून समोरच्या घराचं फाटक दिसायला लागलं. घड्याळ लावलं होतं: चार मिनिटं दहा सेकंद.

"वास?" आण्णांनी विचारलं.

"नाही."

"बंद करून दाखव."

मी बंद केला. दोन्ही काँटॅक्टर सुटले. पंखा चालूच राहिला. आम्ही दोघंही काही न बोलता त्याचा आवाज ऐकत बसलो, मी गाडीत आणि ते इचलकरंजीत खाटेवर, दीड मिनिटाने तो आपण होऊन थांबेपर्यंत.